वहीतल्या ७४ नोंदी: लिहायचं काय आणि लोकांसमोर ठेवायचं काय

खानदेशात राहून लिहायचं म्हटलं की विषय अंगावर येतात. केळी, कापूस, भरीत, शेवभाजी, कानबाईचा सण, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, अहिराणी बोली, बहिणाबाई, साने गुरुजी, पाटणादेवी, सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा, तोरणमाळ. सगळ्यांबद्दल थोडंथोडं माहीत असतं, आणि घोळ तिथेच होतो. थोडंथोडं माहीत असलेल्या विषयावर दोन परिच्छेद सहज होतात, तिसऱ्याला हात थांबतो. मग माणूस इकडचंतिकडचं वाचून भर घालतो आणि लिखाण कोणाचंही वाटायला लागतं.

म्हणून आधी विषय ठरवायचे नाहीत, नोंदी करायच्या, असं ठरवलं. शंभर पानी साधी वही घेतली. चाळीस दिवस रोज एक-दोन ओळी, त्याही एकाच प्रकारच्या: आज कोणी मला काय विचारलं, किंवा कोणाचं काय चुकताना दिसलं. ‘कळण्याच्या भाकरीला उडीद किती घालायचे?’ ‘आखाजीला गौराई कधी बसवता?’ ‘अहिराणीत “सगळे”ला काय म्हणतात?’ मनात आलेले मोठे विचार या वहीत लिहायचे नाहीत, हा नियम कडक पाळला. मोठा विचार लिहिताना छान वाटतो, आठ दिवसांनी वाचला की त्यात धरायला काही सापडत नाही. विचारलेला प्रश्न मात्र महिनाभरानेही तसाच ताजा असतो, कारण तो खऱ्या गरजेतून आलेला असतो. चाळीस दिवसांत ७४ नोंदी झाल्या.

पहिल्या चाळणीत २९ गेल्या. ज्यावर पुष्कळ आणि चांगलं लिहिलं गेलंय आणि माझ्याकडे त्यात घालायला नवीन काही नाही, ते सोडलं. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, एवढ्या भांडवलावर मी त्यांच्यावर लिहू नये.

दुसरी चाळणी मी ‘दुसऱ्या प्रश्नाची’ म्हणते, आणि सगळ्या कामात हीच मला सर्वात मोलाची वाटते. आपण लिहिलं की वाचणारा एक प्रश्न विचारतो, त्याचं उत्तर बहुधा देता येतं. त्या उत्तरावर तो जो पुढचा प्रश्न विचारतो, त्याला उत्तर आहे का, हे पाहायचं. प्रत्येक नोंदीखाली मी दहा ओळी मोकळ्या सोडल्या आणि त्या विषयाचा जाणकार काय विचारेल ते लिहून काढलं. दहापैकी सातांना स्वतःच्या हातच्या अनुभवातून उत्तर देता आलं तर विषय ठेवायचा.

केळी इथेच गळाली. जळगावची केळी सगळ्यांना माहीत, तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, तेव्हा जळगाव जिल्ह्यातल्या माणसाने केळीवर लिहावं अशी अपेक्षा असते. पण मी अमळनेर-पारोळ्याच्या बाजूची, आमच्याकडे कापूस आणि ज्वारी. केळीचा जीव रावेर, यावल, चोपड्याकडे. पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरी १,७४२ रोपं बसतात, सहा बाय पाचवर १,४५२, हे गणित मी बसल्या जागी करू शकते. पण ‘गर्दी झाली तर घड कसा भरतो?’ असं कोणी विचारलं तर मला ऐकीव सांगावं लागेल. केळीवाल्याचं वर्षाचं पीक त्यावर असतं. ऐकीव गोष्ट तिथे लिहायची नाही. अशा १८ नोंदी गेल्या, आणि हातात २७ राहिल्या.

राहिलेल्यांत पहिलं होतं भरीत. हा विषय मला येतो असं मी धरून चालले होते. लिहायला बसले तर एकही माप सांगता येईना. घरात सगळं अंदाजाने: मूठभर शेंगदाणे, चार-दोन मिरच्या जास्त, लसूण बघून. स्वयंपाकावर लिहिणाऱ्या प्रत्येकाची ही अडचण असते. उपाय साधा आहे. करणाऱ्याला मापात घालायला सांगू नका, हात अडखळतो आणि चव बदलते. मिरच्यांची पिशवी, सोललेल्या लसणाची वाटी, शेंगदाण्यांचा डबा, तेलाची किटली, सगळं आधी वजन करून ठेवा. स्वयंपाक नेहमीसारखा होऊ द्या. झाल्यावर परत वजन करा, जे कमी झालं ते माप. असं तीन वेळा, वेगवेगळ्या दिवशी. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा घरगुती वजनकाटा पुरतो.

आमच्या घरचं माप असं निघालं: हिरवी-पांढरट भरिताची वांगी एक किलो, भाजून सोलल्यावर गर सहाशे ते साडेसहाशे ग्रॅम. त्याला हिरव्या मिरच्या साठ-सत्तर ग्रॅम, लसूण पंचवीस ग्रॅम, शेंगदाणे पन्नास ग्रॅम, तेल नव्वद ग्रॅमच्या आसपास, आणि कांद्याची पात भरपूर. तिन्ही वेळा सर्वात जास्त फरक पडला तो मिरचीत, कारण मिरची तिखट किती हे चाखून ठरतं. तेव्हा मिरचीला एक आकडा द्यायचा नाही, ‘अमुक ते तमुक’ असं लिहायचं. लसूण जवळजवळ तेवढाच भरला, तिथे एक आकडा चालतो.

मग दुसरा प्रश्न: ‘आमच्याकडे कपाशीच्या काड्या नाहीत, गॅसवर होईल का?’ हे न करता लिहिलं असतं तर नुसतं ‘होईल’ लिहिलं असतं. करून पाहिलं. होतं, पण मोठ्या आचेवर साल करपते आणि देठाजवळचा भाग कच्चा राहतो. आच मध्यम ठेवून वांगं देठ धरून फिरवत राहावं लागतं, आणि धुराचा वास येत नाही तो नाहीच येत. मिक्सरही करून पाहिला. गराचा लगदा होतो. बडगीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात, ठेचलं की मिरची-लसूण रेषांमध्ये शिरतं आणि रेषा तशाच राहतात. हे दोन खुलासे लिहायला चार ओळी लागल्या, पण भरिताच्या लेखात खरं काम तेच करतात.

इतिहासाच्या नोंदींना वेगळी कसोटी लावली: आपण जे वाक्य सहज म्हणतो, ते कशाच्या आधारावर? चाळीसगावजवळचं पाटण घ्या. ‘भास्कराचार्यांचं गाव’ असं सगळे म्हणतात. तिथल्या शिलालेखात आहे ते असं की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. स्वतः भास्कराचार्य आपलं गाव विज्जडविड सांगतात, सह्याद्रीच्या आश्रयाचं, आणि ते नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तेव्हा मठाचं ठामपणे लिहायचं, जन्मगावाचं ‘असं मानतात’ म्हणून लिहायचं. आणखी एक खड्डा: जळगाव जिल्ह्यात दुसरे चांगदेव आहेत, तापी-पूर्णेच्या संगमावरचे, योगी चांगदेव. ते वेगळे. नाव एक दिसलं की दोन्ही कथा एकात शिरतात, आणि एकदा छापलं गेलं की पुढचे दहाजण तेच उचलतात. जुन्या कागदात ‘खानदेश जिल्हा’ असेल तर तो १९०६ च्या विभागणीआधीचा अखंड खानदेश, आजचे जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही त्यात येतात. ‘पश्चिम खानदेश’ असेल तर त्यात नंदुरबार आलंच, कारण तो जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. हे ध्यानात न ठेवता जुना आकडा आजच्या जिल्ह्याला चिकटवला की चूक ठरलेली.

अहिराणीच्या नोंदींसाठी लिहायची पद्धत आधी ठरवावी लागली. ‘शे’ (आहे), ‘माले’ (मला), ‘तुले’ (तुला), ‘बठ्ठा’ (सगळा), ‘आंडोर’ (मुलगा) हे सोपं. पण ‘काय करतोय’साठी ‘काय करी ऱ्हायना’ की ‘काय करी राहिना’? मी ऐकू येतं तसं लिहायचं ठरवलं, आणि एक शब्द एका लेखात दोन तऱ्हांनी यायचा नाही. ‘ळ’चा ‘य’ होतो तिथे ‘डोया’, ‘काया’ असंच. अर्थ त्याच वाक्यात कळेल अशी रचना करायची, म्हणजे वाचणाऱ्याला मागेपुढे जावं लागत नाही. प्रत्येक नोंदीला गावाकडचा पट्टा लिहायचा, कारण पूर्वेला लेवा गणबोली लागते आणि तिथला शब्द अहिराणी म्हणून खपवणं दोघांवरही अन्याय आहे. मोबाईलमध्ये बोलून टाईप करू नका. तो अहिराणीला प्रमाण मराठीचं वळण देतो आणि घाईत ते लक्षात येत नाही.

लोकांसमोर काय ठेवायचं, हा यापेक्षा अवघड भाग. चांगलं लिहिलेलं सगळं आपलं नसतं. कानबाईवरची माझी नोंद बारा पानांची झाली होती. नागपंचमीनंतरच्या रविवारी स्थापना, रात्रभर जागर, सोमवारी विसर्जन, हे सगळ्या गावाला दिसतं, ते लिहायला हरकत नाही. रोटांचं, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचं, तसं नाही. पुष्कळ घरांत रोट भाऊबंदकीतच खायचे असतात, बाहेर द्यायचे नसतात. जे बाहेरच्या माणसाच्या ताटात वाढत नाहीत, त्याचा विधी परवानगीशिवाय बाहेरच्या माणसाला वाचायला कसा द्यायचा? घरातल्या मोठ्या बायकांना विचारलं. रोट कशाचे आणि किती दिवसांत संपवायचे इथपर्यंत लिहायला होकार आला, मांडणीतल्या काही गोष्टींना आला नाही. त्या वहीतच राहिल्या. शिवाय प्रत्येक घराची रीत निराळी, म्हणून ‘खानदेशात असं करतात’ हे वाक्य मी लिहीतच नाही. ‘आमच्याकडे’ लिहिते.

गाणी आणि आठवणी घेताना परवानगी एकदम मागायची नाही, तीन तुकड्यांत मागायची: शब्द टाकू का? नाव-गाव घालू का? आवाज टाकू का? आजीबाई शब्दांना लगेच हो म्हणतात, नावाला विचार करतात, आवाजाला बहुधा नको म्हणतात. एकच प्रश्न विचारला तर त्यांचा ‘हो’ नक्की कशाला होता हे आपल्यालाच कळत नाही. रेकॉर्डिंग झाल्यावर तिथेच ऐकवायचं. ऐकल्यावर ‘हे एवढं काढून टाक गं’ असं हमखास येतं, सुनेबद्दल किंवा जावेबद्दल काही बोलून गेलेलं असतं. ते त्यांच्यासमोरच काढायचं. होकार कोणत्या तारखेला दिला तेही वहीत लिहायचं.

फोटोंबाबत तीन गोष्टी पक्क्या करा. मोबाईलच्या कॅमेऱ्यात लोकेशन बंद ठेवा, नाहीतर फोटोच्या फाईलमध्ये शेताचा, घराचा ठावठिकाणा जातो. व्हॉट्सअॅपवर फोटो साधा पाठवला तर ही माहिती फाईलमधून निघून जाते, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच राहते. दुसरं, बाजार समितीची पट्टी किंवा सातबारा दाखवायचा असेल तर नाव, गट नंबर, मोबाईल नंबर यांवर पुसट रेघ ओढून भागत नाही, उजेड वाढवला की खालचं वाचता येतं. तेवढा भाग कापूनच टाका. तिसरं, दुसऱ्याची लहान मुलं चित्रात असतील तर आईबापांना विचारल्याशिवाय नाही, मग आखाजीच्या झोक्याचा फोटो कितीही सुंदर असो.

दुसऱ्याचं लिखाण उचलण्याचंही गणित आहे. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. निधनानंतर प्रथम छापलं गेलं असेल तर छापल्यापासून ६० वर्षं. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. त्यांच्या ज्या कविता १९५२ मध्ये प्रथम छापल्या गेल्या, त्या २०१२ अखेर मोकळ्या झाल्या. त्यांना आचार्य अत्र्यांनी लिहिलेली प्रस्तावना मात्र नाही, कारण अत्रे १९६९ मध्ये गेले. एकाच पुस्तकात दोन हिशेब असतात, ते वेगळे पाहावे लागतात.

या चाळणीत आणखी सहा नोंदी मागे राहिल्या, एकवीस उरल्या. त्यांचा क्रम मी ऋतूवर लावला. सणाचं लिखाण सणाच्या दिवशी करून उपयोग नसतो, लोक कामात असतात आणि दुसऱ्या दिवशी कोणाला गरज उरत नाही. या वर्षी पाहून लिहायचं, पुढच्या वर्षी सणाआधी पंधरा दिवस समोर ठेवायचं. मधल्या वर्षात चुका सापडतात, तो वेगळा फायदा. भरिताचा लेख चंपाषष्ठीच्या आठवडाभर आधी, कारण चातुर्मासात वांगं न खाणारी घरं तेव्हाच वांग्याकडे वळतात. कळण्याच्या भाकरीला ठरावीक महिना लागत नाही, ती कधीही चालेल. तिचं ज्वारी-उडदाचं प्रमाण दोन वेळा वजन करून झालंय, तिसरं दळण या गुरुवारी आहे.