भेटण्याआधीचं एक पान

जर्मनीत आलेल्या आपल्याकडच्या प्रत्येकाची पहिली तक्रार एकच असते: इथली माणसं बोलत नाहीत. आखेनला मास्टर्स करायला आले तेव्हा मीही घरी फोनवर हेच सांगायचे. मग हिवाळी सत्रात एक सेमिनार घेतला. त्याची अट अशी की, तासाच्या आदल्या रात्रीपर्यंत प्रत्येकाने नेमलेल्या विषयावर एक पान लिहायचं, बाकीच्यांची पानं वाचायची आणि मगच वर्गात यायचं.

पान अभ्यासाचं असलं तरी माणूस त्यातून डोकावतोच. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने तिच्या आजोबांच्या कोळसा खाणीबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या. आखेनच्या पट्ट्यात पूर्वी खूप खाणी होत्या, शेवटची १९९७ मध्ये बंद झाली. दुसऱ्या दिवशी मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीत, मी तिला सांगितलं की, आमच्या नागपूरजवळ उमरेडला, सावनेरला आजही कोळसा निघतो. तोवर आमचं बोलणं ‘हॅलो’च्या पुढे गेलेलं नव्हतं. त्या दिवशी जेवण आटोपून ताटं परत ठेवून आलो तरी आम्ही उभ्याउभ्या बोलत होतो.

हीच सवय मी नागपूरच्या कॉलेजमित्रांना लावली. आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेच, पण त्यात वाढदिवसाचे केक आणि फॉरवर्ड्स यापलीकडे काही नसतं. म्हणून एक शेअर केलेली फाईल उघडली. दर रविवारी एकाची पाळी. आठवड्यात जे मनात राहिलं ते एक पानभर लिहायचं, मराठीत. इथे रविवारी दुकानं बंद असतात आणि हिवाळ्यात मी तुमच्यापेक्षा साडेचार तास मागे असते, त्यामुळे माझी दुपार म्हणजे त्यांची निवांत संध्याकाळ.

गंमत म्हणजे वर्गात सगळ्यात जास्त बोलणाऱ्यांची पानं लवकर आटोपायची. खरं लिहिलं ते आमच्या काटोलच्या मित्राने. चार वर्षं तो शेवटच्या बाकावर बसला, आणि त्याचा आवाज कसा आहे हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्याने लिहिलं ते घरच्या संत्र्याच्या बागेला ताण देण्याबद्दल. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणारा फुलोरा, घ्यायचा तर डिसेंबरात बागेचं पाणी तोडतात. भारी काळ्या जमिनीत हा ताण दीड-दोन महिने चालतो. झाडं मलूल होतात, पानं पिवळी पडून गळायला लागतात. मग पाणी सोडलं की फुलोरा येतो. यंदा पहिल्यांदा निर्णय त्याच्या हाती होता. झाडांकडे बघून त्याचा हात सारखा मोटारीच्या बटणाकडे जायचा आणि वडील म्हणायचे, थांब.

डिसेंबरात नागपूरला आले तेव्हा धरमपेठेत तर्री पोह्यांच्या ठेल्यावर सगळे जमलो. ‘का बे, कशी आहेस’ एका मिनिटात संपलं, आणि लगेच एकीने विचारलं, “मग त्या घरमालकिणीने हीटर दुरुस्त केला का नाही?” हीटरचं मी माझ्या पानावर लिहिलं होतं, म्हणून थेट मधूनच सुरुवात. इतक्या वर्षांनी भेटताना नोकरी, पगार, लग्न यांची जी उजळणी होते ती झालीच नाही. मात्र दोघं पानं वाचत नव्हते. ते प्लेट हातात धरून नुसते हसत राहिले. मला ते फार लागलं. मग हीटरची कथा पहिल्यापासून सांगितली.

पुढच्या दिवशी काटोलला गेलो. मला वाटत होतं, पानावर इतका मोकळा होणारा माणूस आता भरभरून बोलेल. तो आधीसारखाच गप्प होता. बोटाने माती उकरून त्याने ढेकूळ माझ्या हातावर ठेवलं, एक पान तोडून चुरगाळून दाखवलं, म्हणाला, “अजून थोडे दिवस.” जोसेफ वॉल्थर नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९९६ मध्ये मांडलं होतं की, नुसत्या लिखाणातून जुळलेली जवळीक कधीकधी प्रत्यक्ष भेटीपेक्षाही गाढ वाटते, लिहिणाऱ्याला शब्द निवडायला सवड असते आणि वाचणारा मोकळ्या जागा आपल्या मनाने भरतो. मीही मित्राच्या गप्प असण्याच्या जागा अशाच भरून टाकल्या होत्या. पण पानं वाचलेली नसती तर ते ढेकूळ माझ्यासाठी फक्त माती असतं, हेही तितकंच खरं.

तेवढ्यात त्याचे बाबा आले. म्हणाले, “हा लिह्यते म्हणतात तुमच्यात. काय लिह्यते?”

मित्राने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “बागेबद्दल लिहितो काका. छान लिहितो.” त्यांच्यापुढे याहून जास्त सांगणं माझ्या अधिकारातलं नव्हतं. परतताना गाडीत आम्ही ठरवून टाकलं: पानावरची गोष्ट भेटीत आधी काढायची ती ज्याने लिहिली त्याने. हीटरची चालते, कारण ती मी स्वतःच हसत सांगते. बापलेकांतली नाही.

ठेल्यावरचे ते दोघंही आता फाईलमध्ये आहेत. एकाने अजून काही लिहिलेलं नाही, पण सगळ्यांची पानं वाचतो आणि मला फोन करतो. या रविवारी पाळी दुसऱ्याची आहे. त्याने आधीच विचारून ठेवलंय की, दोन पानं झाली तर चालतील का.