आठवा नंबर

रविवार, ३ सप्टेंबर २०१७

आज आमचा सामना नव्हता, तरी दुपार टीव्हीसमोरच गेली. काउबॉइज, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगमधला आमचा संघ, गुरुवारी इथे, टाउन्सव्हिलमध्येच, ब्रॉन्कोजकडून हरले. त्यामुळे सगळा मामला दुसऱ्यांच्या हाती गेला. साखळीतले पहिले आठच संघ बाद फेरीत जातात. सेंट जॉर्ज इलावारा जिंकले की आठवी जागा त्यांची आणि आमचा हंगाम खलास. समोर कँटरबरी. त्यांना या सामन्यातून काहीही मिळायचं नव्हतं, त्यांच्या आशा केव्हाच आटोपल्या होत्या. तरी २६-२० ने जिंकले. शेजारचे आजोबा कुंपणाशी येऊन म्हणाले, "आज पहिल्यांदा कँटरबरीसाठी ओरडलो. कुणाला सांगू नकोस."

म्हणजे आम्ही आत आलो ते दुसऱ्याच्या पुण्याईवर. १३ विजय, ११ पराभव. जूनपासून आमचा कर्णधार थर्स्टन नाही. ओरिजिनच्या, म्हणजे क्वीन्सलँड विरुद्ध न्यू साउथ वेल्स या राज्यांच्या मालिकेतल्या, दुसऱ्या सामन्यात तो दुखरा खांदा घेऊन शेवटपर्यंत खेळला, पार कडेवरून किक मारून क्वीन्सलँडला १८-१६ असं जिंकवलं आणि मग त्याचा हंगामच संपला. दुसरा कर्णधार मॅट स्कॉट, त्याचा गुडघा तर मार्चमध्येच गेला. आता हे आठवे येऊन करणार काय?

रविवार, १० सप्टेंबर

सिडनीत क्रोनुला शार्क्सला हरवलं! गतविजेत्यांना! ऐंशी मिनिटांनंतर १४-१४, मग जादा वेळ, आणि आमच्या मायकल मॉर्गनचा फील्ड गोल, म्हणजे चालू खेळात खांबांमधून मारलेली किक. फील्ड गोलला एकच गुण. १५-१४.

आईला फोनवर हा खेळ समजावताना नेहमी कबड्डी मदतीला येते. शाळेत मी उजव्या कोपऱ्यात खेळायचे, पकड म्हणजे काय ते अंगाला माहीत आहे. इथे चेंडू घेऊन घुसायचं, समोरचे पाडतात, उठून चेंडू टाचेने मागे सारायचा, पुन्हा घुसायचं. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू दुसऱ्यांचा. आई म्हणाली, "म्हणजे बाद कुणीच होत नाही? मग पकडून उपयोग काय?" प्रश्न बिनतोड आहे. उपयोग एवढाच की समोरचा दमतो.

शनिवार, १६ सप्टेंबर

दुपारपासून ड्यूटी. वॉर्डात एकच टीव्ही बघण्यासारख्या जागी, त्यासमोरच्या खाटेवर सत्तरीच्या एक बाई. ब्लड प्रेशर घ्यायला गेले तर दंड मागे घेतला. "सहा होऊ देत." मी पट्टा हातात धरून उभी. पाचवी पकड, सहावीला किक, चेंडू पलीकडे गेला, तेव्हा कुठे दंड पुढे आला. आकडा यायचा तेवढाच आला. नोंद करताना वेळेपुढे 'सामना चालू' असं लिहायचा फार मोह झाला.

पॅरामाटा १६, काउबॉइज २४.

शनिवार, २३ सप्टेंबर

झोप येत नाही, म्हणून लिहितेय.

आज रूस्टर्स. साखळीत दुसरे आलेले, मैदान त्यांचं, आणि आमच्या पोरांचा सलग तिसऱ्या आठवड्यात टाउन्सव्हिल ते सिडनी प्रवास. आठव्याला घरचा सामना मिळत नाही, दर वेळी आपणच जायचं. २९-१६!

टीव्हीवर सगळे चमत्कार चमत्कार म्हणताहेत. मला तो शब्द पटत नाही. जेसन टाउमालोलोकडे बघा. चेंडू मिळाला की तो समोरच्या घोळक्यातली फट शोधत बसत नाही, घोळक्यातच शिरतो. तिघं लटकतात तरी दोन पावलं पुढे. उठतो, दोन मिनिटांनी पुन्हा तेच. एकेका सामन्यात दोनशे मीटरच्या वर असं रेटत जाणं म्हणजे काय, ते ज्याने एकदा तरी अंगावर माणसं झेलली आहेत त्याला विचारा. क्लबने यंदा त्याच्याशी दहा वर्षांचा करार केला तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली होती. आज कुणी काही बोललं नाही. हा गडी समोरच्यांना दमवतो आणि मग मॉर्गनला लागते ती एक सेकंदाची फुरसत मिळते. थर्स्टन होता तोवर मॉर्गन कायम त्याच्या बाजूला, दुय्यम. आता सगळं त्याच्याच डोक्यावर पडलं आणि तो चक्क उंच वाटायला लागला. यात चमत्कार कुठे आहे? कष्ट आहेत, आणि एक मोकळी झालेली जागा आहे.

मात्र एक गोष्ट मनातून जात नाही. आठव्या नंबरावरून अंतिम सामन्यात पोचलेला याआधीचा एकच संघ, २००९ चा पॅरामाटा. त्यांना अंतिम सामन्यात मेलबर्नने हरवलं होतं. आमच्या पुढ्यातही मेलबर्नच. त्यांनी या हंगामात २४ पैकी २० सामने जिंकलेत. आजोबांना हे सांगितलं तर म्हणाले, "तू गप्प बस."

गेल्या वर्षी शहराजवळचा, याबुलूचा निकेलचा कारखाना बंद पडला, आजोबा तोवर तिथेच होते. शहरात दोन वर्षं चांगली बातमी अशी नाहीच. रॉस रिव्हर धरण खाली गेलेलं, स्प्रिंकलरला बंदी, सगळ्यांची हिरवळ पिवळी. त्या पिवळ्यावर आजोबांनी काठीला काउबॉइजचा झेंडा उभा केलाय. फक्त तोच काय तो ताजा दिसतो.

सोमवार, २ ऑक्टोबर

हरलो. ३४-६.

कालच सिडनीची घड्याळं तासभर पुढे गेली, आमची क्वीन्सलँडची गेली नाहीत. त्यामुळे सामना सुरू झाला तेव्हा आमच्याकडे नुकतं सव्वासहा झालेलं. आजोबांनी टीव्ही अंगणात आणला होता. गल्लीतली पंधरावीस माणसं, खुर्च्या ज्याच्या त्याने आणलेल्या.

पहिल्या काही मिनिटांतच आमचा शॉन फेन्सम पडला. पाय जसा पडला होता तसा धड पाय पडत नाही. डॉक्टर पोचायच्या आत मी "मोडला" म्हणून बसले, आणि शेजारच्या मुलाने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच मोडला. गाडीवरून त्याला बाहेर नेलं. त्यानंतर अंगणात आवाज असा आलाच नाही. टाउमालोलो तसाच घुसत होता, पण मेलबर्नवाले प्रत्येक वेळी चौघं-पाचजण तयारच. त्यांचा स्लेटर मागून कुठून यायचा कळत नव्हतं, सामनावीरही तोच. चेंडू त्यांच्या रेषेपलीकडे टेकवून केलेला आमचा एकमेव ट्राय टे मायर मार्टिनचा. त्याला मात्र सगळे असे ओरडले की पलीकडच्या गल्लीतला कुत्रा भुंकायला लागला.

२०१५ मध्ये आम्ही इथे नवे होतो. ब्रॉन्कोजविरुद्धचा अंतिम सामना १७-१६ ने जिंकून क्लबने पहिलं अजिंक्यपद मिळवलं, त्या रात्री रस्त्यावर हॉर्न वाजत होते आणि मला काही कळत नव्हतं. काल सगळं कळत होतं आणि हॉर्न नव्हते. खरं सांगायचं तर मला हा महिना त्या रात्रीपेक्षा जास्त आवडला. हे आजोबांना सांगायची हिंमत नाही.

आज राणीच्या वाढदिवसाची सुट्टी. सकाळी बाहेर आले तर आजोबा झारीने एकेका कुंडीला बेताने पाणी घालत होते. झेंडा काठीवर तसाच, महिनाभराच्या धुळीने मळलेला.

"काढणार नाही का?" मी विचारलं.

"काढला तर धुवावा लागेल," ते म्हणाले, "पाणी कुठाय?"