आधी शटर, मग लेन्स: ध्रुवीय प्रकाश टिपताना

नॉर्दर्न लाइट्सचे फोटो काढायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती मिमीची लेन्स घेऊ?’ त्याच्या आधीचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा राहूनच जातो: शटर किती वेळ उघडं ठेवायचं? त्याचं उत्तर सापडलं की लेन्सची निम्मी निवड तिथेच होऊन जाते.

रात्रीच्या आकाशाबद्दल काहीही वाचायला घ्या, ‘५०० चा नियम’ भेटतोच. ५०० ला फोकल लेंग्थने, म्हणजे लेन्सच्या मिमीच्या आकड्याने, भागा, येतील तेवढे सेकंद शटर उघडं ठेवा, तारे रेघोट्या न होता ठिपके राहतात. २४ मिमीला साधारण २० सेकंद. आजच्या सेन्सरवर हा हिशेब बराच ढिला पडतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल जवळपास ६ मायक्रॉनचा असतो, आणि २४ मिमीच्या लेन्सने २० सेकंदांत तारा त्यावर ६ पिक्सेल सरकू शकतो. मोबाइलच्या पडद्यावर चालून जातं. मोठा प्रिंट काढलात तर प्रत्येक ताऱ्याची अळी झालेली दिसते. ४ सेकंदांत मात्र तो जेमतेम एक पिक्सेल हलतो.

पण अरोराच्या, म्हणजे या नॉर्दर्न लाइट्सच्या, बाबतीत ताऱ्यांची काळजी दुय्यम आहे. अरोराच्या लहरत्या पडद्याची खालची कड जमिनीपासून साधारण १०० किमी उंचीवर असते. डोक्यावरचा एखादा किरण सेकंदाला १ किमी सरकला असं धरा. जोरात आलेल्या अरोराला हा वेग काहीच नाही. याच लेन्सने, याच सेन्सरवर तो एका सेकंदात ४० पिक्सेल पार करतो. म्हणजे तारा २० सेकंदांत जेवढा फरफटतो, त्याच्या कितीतरी पट अरोरा एका सेकंदात फरफटतो. समोर लखलखणारे उभे किरण आणि घड्या होत्या, फोटोत मात्र हिरवं धुकं आलं, ही तक्रार तिथूनच येते. फोकस बरोबर असतो, ट्रायपॉड घट्ट असतो, शटर १५ सेकंद उघडं असतं.

तेव्हा लक्ष्य ठेवायचं ते असं: क्षितिजालगत शांत पडून असलेल्या कमानीला ८ ते १० सेकंद, हलत्या पडद्याला ३ ते ४ सेकंद, आणि डोक्यावर नाच सुरू झाला की १ सेकंद किंवा त्याहून कमी. याच्याही खाली किती जायचं याला निसर्गानेच एक मर्यादा घालून दिली आहे. ५५७.७ नॅनोमीटरचा तो ओळखीचा हिरवा प्रकाश ऑक्सिजनचा अणू लगेच सोडत नाही. उत्तेजित झाल्यावर सरासरी पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ घेतो. त्यामुळे हिरवी कड मुळातच थोडी मऊ असते आणि अर्ध्या सेकंदाच्या खाली जाऊन तिच्यात फार काही वाढत नाही. खालची गुलाबी-जांभळी किनार नायट्रोजनची. तो प्रकाश तत्क्षणी येतो, म्हणून लांब एक्स्पोजरमध्ये सगळ्यात आधी तीच पुसली जाते. वरचा तांबडा रंग याच्या अगदी उलट. ६३० नॅनोमीटरचा तो प्रकाश सोडायला ऑक्सिजनला दीड-दोन मिनिटं लागतात. एवढा वेळ दुसऱ्या कणाची धडक न बसता मिळतो तो २०० किमीच्या वरच्या विरळ हवेतच. तांबडा रंग पसरट आणि संथ असतो, त्याला १० सेकंदांनी काही बिघडत नाही.

आता लेन्स. तारा हा बिंदू आहे, अरोरा हा पसरलेला प्रकाश आहे, आणि निवड या फरकावर ठरते. ताऱ्याचा किती प्रकाश गोळा होणार ते लेन्सच्या छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासावर ठरतं. फोकल लेंग्थला एफ-आकड्याने भागलं की हा व्यास येतो: २४ मिमी एफ/२.८ चं छिद्र साडेआठ मिमीचं, १४ मिमी एफ/२.८ चं ५ मिमीचं; म्हणजे पहिली लेन्स त्याच ताऱ्याकडून जवळपास तिप्पट प्रकाश घेते. आकाशगंगेचे फोटो काढणारे २४ आणि ३५ मिमीवर जीव टाकतात, त्यामागे हेही एक कारण आहे. पण अरोराचा उजेड सेन्सरवर किती उजळ उमटणार हे फक्त एफ-आकड्यावर ठरतं. एफ/२.८ वर १४ मिमी आणि २४ मिमी दोन्ही अरोरा सारखाच उजळ देतात. म्हणून इथे आधी एफ-आकडा बघायचा, फोकल लेंग्थ नंतर.

एफ/२.८ वर ८ सेकंद लागत असतील, तर एफ/१.८ वर तेच काम सव्वातीन सेकंदांत होतं आणि एफ/१.४ वर २ सेकंदांत. एफ/४ ची लेन्स असेल तर १६ सेकंद. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, तोच. एफ/४ चा झूम दिवसा कितीही गुणी असला तरी या कामाला नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एफ/२.८ चा १४-२४ किंवा १५-३५ झूम चालतो. चौकट पटकन बदलता येते ही त्याची मोठी सोय. फक्त नाच ऐन भरात आला की आयएसओ ६४०० पर्यंत चढवायची तयारी ठेवा.

एकच लेन्स न्यायची असेल तर २० मिमी एफ/१.८. सोनी आणि निकॉन दोघांकडे या मापाची चांगली लेन्स आहे, आणि सोनीची तर ३७३ ग्रॅमच भरते. १४ मिमीचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण ती आडवं १०४ अंश आकाश पकडते. पण कमान उत्तरेच्या क्षितिजालगत असेल, आणि बऱ्याच रात्री ती तिथेच असते, तर १४ मिमीत तिची बारीक दोरी होते, मागचे डोंगर टेकाडासारखे दिसतात आणि वरचं अर्धं आकाश रिकामं राहतं. २४ मिमीत कमान आणि डोंगर दोन्ही भरदार येतात, पण डोक्यावर किरीट (एका बिंदूतून चहूकडे पसरणारे किरण) फुटला की ७४ अंशांची चौकट अपुरी पडते. २० मिमीचे ८४ अंश मधला मार्ग काढतात. दोन लेन्स परवडत असतील तर १४ मिमी एफ/१.८ आणि २४ मिमी एफ/१.४ ही जोडी उत्तम. सिग्माची १४ मिमी एफ/१.४ खास रात्रीच्या आकाशासाठीच बनवलेली आहे. फोकस जागेवर अडकवायची कळ आणि हीटरचा पट्टा घसरू नये म्हणून कडा, असं सगळं तिच्यावर आहे. पण वजन किलोच्या वर जातं, तेव्हा ट्रायपॉडचं डोकं तसंच दणकट हवं. क्रॉप, म्हणजे फुल फ्रेमहून लहान, सेन्सरवाल्यांनी यासाठी कॅमेरा बदलायची गरज नाही. १६ मिमी एफ/१.४ ही लेन्स त्यावर २४ मिमीची चौकट देते आणि शटर तितकंच छोटं ठेवता येतं. नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, थोडा जास्त येईल, एवढंच.

आकड्यांत न दिसणारी गोष्ट म्हणजे कोपरे. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं असताना बऱ्याच वाइड लेन्सच्या कोपऱ्यात ताऱ्यांना पंख फुटतात, उडणाऱ्या पक्ष्यासारखे. याला कोमा म्हणतात. आकाशगंगेच्या फोटोत तो असह्य होतो. अरोराच्या फोटोत कोपरे बहुधा उजेडाने भरलेले असतात, तिथे थोडा कोमा खपतो. एफ/१.४ ची लेन्स एफ/१.८ किंवा २ वर आणली तरी बरंच सुधारतं. मी कोम्यापेक्षा एका कोपऱ्याला जास्त घाबरतो: तीन कोपरे ठीक आणि चौथा मऊ, याचा अर्थ आतलं एखादं भिंग तिरकं बसलंय. ते अ‍ॅपर्चर कमी करूनही पुरतं जात नाही. म्हणून लेन्स नवी असतानाच, परत करायची मुदत संपण्याआधी, दूरचा एखादा बारीक दिवा पाळीपाळीने चारही कोपऱ्यांत ठेवून फोटो काढा आणि १०० टक्क्यांवर ताडून पाहा.

आणि लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढा. हे धुळीसाठी किंवा धारदारपणासाठी सांगत नाही. हिरवा प्रकाश एकाच तरंगलांबीचा असल्यामुळे फिल्टरच्या दोन समांतर पृष्ठभागांमध्ये त्याचं व्यतिकरण होतं आणि फोटोच्या मध्यावर एकात एक वर्तुळं उमटतात, पाण्यात खडा टाकल्यासारखी. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती सहसा लक्षात येत नाहीत, संगणकावर येतात, आणि तोवर रात्र गेलेली असते. महागडा फिल्टरही याला अपवाद नाही. नंतर ही वर्तुळं पुसणं जवळजवळ अशक्य.

फोकससाठी लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. लाइव्ह व्ह्यूमध्ये ठळक तारा १० पट मोठा करा, फोकस मॅन्युअलवर टाका आणि रिंग हळूहळू फिरवा. ठिपका लहान होत होत एका जागी सर्वांत बारीक होतो आणि पुढे पुन्हा फुगतो. तो पुढे फुगेपर्यंत जा, मग मागे या. रिंग फिरवताना त्या ठळक ताऱ्याभोवतीचे अंधुक तारे दिसू लागतात आणि पुन्हा गायब होतात, त्यांच्याकडे पाहिलं की नेमकी जागा जास्त लवकर कळते. तारा शोधायला त्रास नाही: ट्रॉम्सोसारख्या ६९ अंशांवरच्या ठिकाणी अभिजित आणि ब्रह्महृदय कधी मावळतच नाहीत. फोकस जमला की रिंगवर चिकटपट्टी लावा. नव्या लेन्सपैकी बऱ्याच जणींची रिंग यांत्रिक नसते; कॅमेरा बंद करून चालू केला की त्या फोकस विसरतात आणि चिकटपट्टी काही कामाची राहत नाही. तुमची लेन्स तशी आहे का ते घरीच तपासा. शिवाय उबदार गाडीतून उणे १५ अंशांत आलेली लेन्स आकसते. पहिला फोकस बाहेर येऊन २० मिनिटांनी पुन्हा तपासायचा, मग दर तासाला.

सेटिंगमध्ये फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. रॉ फाइल, व्हाइट बॅलन्स ३५०० ते ४००० केल्विनला पक्का, ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनही बंद. ते चालू असेल तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तितकाच वेळ गप्प बसतो. एफ/१.८ वर आयएसओ ३२०० आणि ८ सेकंद इथून सुरुवात करा. उजेड वाढला की आधी शटर कमी करा, आयएसओला नंतर हात लावा. कॅमेऱ्याच्या पडद्याच्या उजळपणावर जाऊ नका, अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना काळपट फोटोही झगझगीत वाटतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघा, तोही तीन रंगांचा वेगवेगळा. एकत्रित आलेख निर्धास्त दिसत असतानाच हिरवा उजव्या भिंतीला टेकलेला असतो. हिरवा एकदा फुटला की अरोराच्या पडद्याच्या गाभ्यात पांढरट डाग राहतो आणि तो रॉमधूनही परत येत नाही.

किती वेळ तयारीत राहायचं याचा अंदाज उपग्रह देतात. सूर्याच्या दिशेने १५ लाख किमीवर बसून ते सौरवारा मोजतात. ४०० किमी प्रति सेकंदाने येणाऱ्या वाऱ्याला तिथून पृथ्वी गाठायला तासभर लागतो, ८०० ने आला तर अर्धाच तास. केपी आकडा (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगणारा) सगळे बघतात, पण तो तीन-तीन तासांचा गोळाबेरीज आकडा आहे. बीझेड, म्हणजे सौरवाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक, उणे (दक्षिणेकडे) झाला आणि तसाच टिकला, की कॅमेरा बाहेर हवा.

छोट्या एक्स्पोजरमध्ये अरोराचा पडदा टिपणं हा काही आजचा ध्यास नाही. १९१० साली नॉर्वेच्या बॉसेकॉपमध्ये गणितज्ञ कार्ल स्टॉर्मर यांनी टेलिफोनने जोडलेल्या दोन ठिकाणांहून एकाच क्षणी अरोराचे फोटो घेतले आणि मागच्या ताऱ्यांच्या आधाराने त्याची उंची काढली. त्यासाठी त्यांनी निवडली होती सिनेमाच्या कॅमेऱ्याची छोटी, फास्ट लेन्स. सुबक कोपऱ्यांची नव्हे.

उरली थंडी. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. थंडीने ‘संपलेली’ बॅटरी खिशात गरम झाली की पुन्हा थोडा वेळ चालते. ट्रायपॉडचे पाय बर्फात आधीच दाबून घट्ट बसवा, नाहीतर एक्स्पोजर चालू असताना ते मिलिमीटरभर खचतात. लेन्सवर वाकून श्वास सोडलात की पुढच्या काचेवर लगेच हिमाचा थर धरतो, आणि तो पुसायला गेलात की पसरतो. यूएसबीवर चालणारा हीटरचा पट्टा पुढच्या काचेजवळ गुंडाळा, पॉवर बँक खिशात ठेवा. पट्टा नसेल तर हँडवॉर्मरच्या दोन पुड्या रबरबँडने बांधल्या तरी भागतं, फक्त त्या फोकसच्या रिंगवर येऊ देऊ नका.

घरात शिरण्याआधी बाहेरच कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून हवा काढून बंद करा. दव मग पिशवीवर बाहेरून जमतं, काचेवर नाही. पिशवी दोन-तीन तास उघडायची नाही. आणि कार्ड बाहेर असतानाच काढून घ्या, नाहीतर फोटो बघायच्या घाईत तुम्हीच ती पिशवी उघडाल.