मिसळीच्या ताटात टायविन लॅनिस्टर

रविवारी भाचा आणि मी मखमलाबाद रोडला मिसळ खायला गेलो होतो, द्राक्षाच्या बागेत टेबलं टाकलेली असतात तसलं ठिकाण, नंबर लागायला पाऊण तास, आणि तेवढ्यात त्याने गेम ऑफ थ्रोन्सचा विषय काढला. भाचा लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सिरीज नुकतीच बघून संपवलीय, पुस्तकं वाचलेली नाहीत. मी तिसरं पुस्तक दोनदा वाचलंय, त्यामुळे या विषयावर माझा आवाज जरा जास्तच चढतो, बायको म्हणते शेजारच्या टेबलवाल्यांना उगाच वाटतं भांडण चाललंय.

टायविन म्हणजे त्यातल्या लॅनिस्टर घराण्याचा प्रमुख. त्याच्याबद्दल भाच्याचं म्हणणं असं, "मामा, टायविन क्रूर नव्हता रे, प्रॅक्टिकल होता. एका जेवणात युद्ध संपवलं त्याने."

म्हणजे रेड वेडिंग, टायविनच्या संगनमताने लग्नाच्या जेवणात शत्रूपक्षाचा, उत्तरेचा राजा रॉब स्टार्क आणि त्याची आई कॅटलिन यांना कापलं ते. सगळे तिथेच अडकतात. टायविनचा स्वतःचा बचावही तोच, की रणांगणात दहा हजार मारण्यापेक्षा जेवायला बसलेले डझनभर मारले तर त्यात वाईट काय. ऐकायला पटतं राव. पण तो डझन मोजताना बाहेर तंबूत दारू पाजून कापलेले उत्तरेचे हजारो सैनिक तो हळूच वगळतो, आणि आपणही वगळतो, कारण आपल्याला रॉब आणि कॅटलिन माहितीयेत, तंबूतल्यांची नावं कुठं माहितीयेत.

मी म्हटलं रेड वेडिंग सोड, माझ्या यादीत ते पहिलं नाहीच. ताट पुढे ओढलं, पाव म्हणजे टायविनचा गड कास्टर्ली रॉक, लिंबाची फोड हॅरनहॉलचा किल्ला, आणि मधे सांडलेली शेव म्हणजे रिव्हरलँड्सची गावं. टायविनच्या धाकट्या पोराला, टिरियनला, पकडलं म्हणून त्याने आपला सरदार ग्रेगर क्लेगेन या गावांवर सोडला. अजून युद्ध जाहीरही झालेलं नाही आणि टोळीकडे झेंडा नाही, निशाण नाही. दरोडेखोर होते म्हणायला सोय. नंतर युद्ध पेटल्यावर तर सरळ हुकूम, गॉड्स आय तळ्यापासून रेड फोर्क नदीपर्यंत सगळं पेटवा. दुसऱ्या पुस्तकात रॉबची लहान बहीण आर्या या लोकांच्या हाती सापडते तेव्हा रोज एक गावकरी निवडून त्याला विचारतात, गावात सोनं लपवलंय का, धान्य कुठंय, आणि तो माणूस त्यातून जिवंत परत येत नाही. प्रश्न रोज तेच. ते पान वाचून मी पुस्तक पालथं ठेवलं होतं आणि उठून चहा केला होता.

भाचा म्हणाला, "पण ते ग्रेगरने केलं ना, टायविन थोडीच तिथे होता?" लॉवाला असून हे बोलला! मी विचारलं यामाशिताचा खटला शिकवला की नाही अजून. दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्समध्ये जपानी सैन्याने जे केलं त्यासाठी त्यांच्या या जनरलला १९४६ मध्ये फाशी दिली, त्याने स्वतः हुकूम दिला हे सिद्ध करायची गरजही पडली नव्हती. त्यावर तेव्हापासून वाद आहे आणि तो रास्त आहे. पण टायविनचं तर तसंही नाही, इथे हुकूम आहे.

आणि मला सगळ्यात जास्त चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. या आधीच्या युद्धात टायविनच्या फौजेने राजधानी किंग्ज लँडिंग लुटली तेव्हा युवराजाची बायको एलिया आणि तिची दोन पोरं मारली गेली. तिसऱ्या पुस्तकात टायविन टिरियनला सांगतो की पोरांना मारणं भाग होतं, एलियाचं मी सांगितलं नव्हतं, ग्रेगर काय चीज आहे ते तेव्हा मला माहीत नव्हतं. ठीक, मानलं एक मिनिट. मग पंधराएक वर्षांनी, सगळं माहीत असताना, त्याच माणसाच्या हातात गावंच्या गावं का दिली? त्या एका वाक्याने त्याचा सगळा बचाव त्यानेच पाडलाय. एलियाच्या पोरीला, रेनिसला, भोसकून मारलं याचीही त्याला खंत कशाची, तर काम बेंगरूळ झालं, उशीने भागलं असतं.

"त्या काळी तसंच असायचं" हे भाच्याचं शेवटचं शस्त्र. अरे त्याच जगात, त्याच काळात, जळलेल्या गावातले लोक दरबारात येतात आणि राजाचा मुख्य कारभारी नेड स्टार्क, रॉबचा बाप, ग्रेगरला तिथल्या तिथे शिक्षा सुनावतो. म्हणजे कायदा होता. आणि आपल्याकडे शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहेच, कुणब्याचे दाणे, भाकर, गवत, भाजी काही ओढून आणू नका, नाहीतर रयत म्हणेल यापेक्षा मोगल बरे. सतराव्या शतकातलं पत्र आहे हे.

इथे भाचा खूश झाला, छाती फुगवून म्हणाला बघ, आपले मराठे.

मग मला अंबडच्या कंपनीतला आमचा बंगाली सहकारी आठवला. डबा खाताना एकदा सहज म्हणाला होता, आमच्याकडे पोरं झोपत नसली की बर्गी आले असं गातात. बर्गी म्हणजे बारगीर, म्हणजे आपण. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा दहा वर्षं बंगालात शिरत होत्या, गावं जाळत होत्या, चौथाईसाठी. आणि १७४४ मध्ये बंगालच्या नवाबाने, अलीवर्दीखानाने, आपल्या सेनापती भास्करपंतांना बोलणीसाठी मानकरा या गावी तंबूत बोलावलं आणि सरदारांसकट तिथेच कापलं. रेड वेडिंगच, फक्त लग्न नव्हतं.

भाच्याने विचारलं, "मग तू त्याला काय म्हणालास? सॉरी वगैरे?"

नाही. मी भाजी वाढून घेत लगेच म्हणालो होतो, हो पण तुमच्या अलीवर्दीने तंबूत बोलावून काय केलं ते पण सांग ना. तंबूतल्या लोकांची नावं मला पाठ होती. जाळलेल्या एका गावाचं नाव विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

भाचा काही बोलला नाही. बोलता बोलता त्याने रिव्हरलँड्सची सगळी शेव खाऊन टाकली होती आणि पोऱ्याला अजून एक रस्सा आणायला सांगत होता.