पाऊस आला की मला अजून दोर आठवतात

१२ जून, नेरूळ

रात्री दोनच्या सुमारास पाऊस कोसळायला लागला आणि मी ताडकन उठून बसले, हात आपोआप उशाच्या वर गेला टॉर्च शोधायला, तर तिथे भिंत. मग लक्षात आलं की आपण आता होडीत नाही, नवव्या मजल्यावर आहोत, दोर बघायचे नाहीयेत, तळातलं पाणी उपसणारा पंप चालू झाला का ते ऐकायचं नाहीये, खिडकी लावली की संपलं काम. नवराही जागाच होता. म्हणाला, झोप गं, इथे काही सुटून जात नाही. त्यानंतर मला झोप लागलीच नाही.

मार्चमध्ये होडी तिकडेच ठेवून आलो परत, सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन होतं म्हणून. त्याआधी बावीस महिने कोचीला, बोलगट्टी बेटावरच्या मरिनात, म्हणजे होड्या बांधून ठेवायच्या धक्क्यावर, बत्तीस फुटी शिडाच्या होडीत आमचा संसार होता. गॅस, कपडे, लॅपटॉप, देव, सगळं त्यातच. २०१० साली नौदलाचे दिलीप दोंदे म्हादेई नावाच्या शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला परतले, असं करणारे पहिले भारतीय, तेव्हापासून नवऱ्याच्या डोक्यात शीड बसलेलं होतं. कोचीला नोकरी मिळाली, जुनी होडी परवडेल अशा भावात मिळाली, आणि मी हो म्हटलं.

इथे सोसायटीत सगळ्या म्हणतात, किती मजा असेल ना! होतीच. संध्याकाळी कॉकपिटमध्ये, म्हणजे होडीतल्या उघड्या बसायच्या जागेत, भाजी निवडत बसायचं, पलीकडे एर्नाकुलमचे दिवे लागायचे, आणि नशीब असेल त्या दिवशी डॉल्फिनची पाठ वर यायची, एक फुस्स आवाज आणि परत खाली. पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो रात्रीचा आवाज. दिवा मालवून आडवं झालं की होडीच्या अंगातून तडतड ऐकू यायची, तेलात मोहरी टाकल्यासारखी, रात्रभर. पहिल्या आठवड्यात मला वाटलं काहीतरी तुटतंय. ते पाण्यातले छोटे कोळंबीसारखे जीव असतात, नांगी इतक्या जोरात मिटतात की तो आवाज होडीच्या फायबरच्या पातळ भिंतीतून थेट उशीपर्यंत येतो.

आता त्याच पातळ भिंतीचं दुसरं. एप्रिल-मेमध्ये दुपारी डेकवर अनवाणी पाय टेकत नाही, आत कणीक मळताना घाम परातीत पडेल म्हणून सारखं खांद्याला कपाळ पुसायचं. पावसाळ्यात भिंतीला आतून पाणी सुटतं, गादी उचलली की खालून ओली, आणि माझ्या लग्नातल्या पैठणीवर बुरशी आली, काठाच्या मोरांवर बारीक काळे ठिपके. किती पुसले तरी गेले नाहीत. त्या दिवशी मी खूप रडले, आणि आईकडे परत जाते म्हणून बॅगही भरली होती. टॉयलेटचं सांगायचं तर, दर वेळी हाताने पंप मारायचा, पंचवीस-तीस वेळा, पाहुणे आले की आधी त्यांना ते शिकवायचं. एवढं पुरे.

खर्च कुठून येईल हे मात्र कळायचं नाही. प्रोपेलरच्या दांड्याला जस्ताचा एक गोळा लावतात, खाऱ्या पाण्यात वेगवेगळे धातू असले की त्यातला एक झिजतो, तर तो जस्तच झिजावा आणि प्रोपेलर वाचावा म्हणून. आमचा वर्षभर पुरायला हवा होता, चार महिन्यांत कुरतडलेल्या पेरूसारखा झाला. किनाऱ्यावरून वीज घेतली की शेजारच्या होड्यांशी अर्थिंगच्या वायरमधून आपली होडी जोडली जाते आणि त्यांच्या वाटचंही आपलंच जस्त झिजतं. मग ते अडवणारा आयसोलेटर वायरवर बसवला तेव्हा थांबलं.

आणि दोर. होडी धक्क्याला बांधायचा दोर जिथे कडेला घासतो तिथे आम्ही जुन्या फायर होजचा, म्हणजे आगीच्या बंबाच्या पाइपचा, तुकडा चढवायचो. गेल्या वर्षी जूनमध्ये एका रात्री वारा फिरला, मी टॉर्च घेऊन पुढे गेले, हाताने चाचपलं तर होज सरकलेला आणि दोराचे तीनपैकी दोन पेड तुटलेले, पाच टनांची होडी एका पेडावर. नवऱ्याला हाक मारून दुसरा दोर बांधेपर्यंत तो एक पेड मी नुसता बघत होते, पावसात, कानात वाऱ्याशिवाय काही नाही. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती. आणि तरी सकाळी चहा घेताना जे वाटलं, की काल ही होडी मी वाचवली, ते इथे नवव्या मजल्यावर कुठून आणू?

सकाळी पाऊस उघडल्यावर दिवाळे कोळीवाड्यात गेले. जूनपासून मासेमारी बंद, बऱ्याच होड्या वर ओढून निळ्या ताडपत्रीने शाकारलेल्या. ओहोटी होती, खाडीचा चिखल लांबपर्यंत उघडा. एक वयस्कर नाखवा जाळं दुरुस्त करत बसले होते, त्यांना विचारलं, आमची होडी इकडे आणली तर? त्यांनी एकच विचारलं, खाली पाण्यात किती जाते? म्हटलं, दीड मीटर. त्यांनी नुसतं चिखलाकडे बोट दाखवलं. कोचीला भरती-ओहोटीत जेमतेम मीटरभराचा फरक, इथे उधाणाला चार-साडेचार मीटर पाणी चढतं-उतरतं. समजलं मला.

दुपारी एका गिऱ्हाइकाचा फोन आला, पुढच्या आठवड्यात होडी बघायला येतो म्हणाला, किंमत त्याला पटलीय. मी म्हटलं, घरी विचारून सांगते.

संध्याकाळी मरिनातल्या शेजाऱ्याला फोन लावला, तिकडे पाऊस केव्हाचाच सुरू झालाय. तो म्हणाला, पुढच्या दोरावरचा होज थोडा सरकला होता, मी परत बांधला. म्हटलं, उजव्या बाजूचापण बघ, तो जास्त घासतो.

गिऱ्हाइकाला अजून कळवलेलं नाही.