दिवाडीच्या फेरीबोटीत आईला मिळालेली जागा

गोव्यात चार दिवस होतो. किनारे, मासळी, पणजीतली खरेदी सगळं झालं, पण घरी आल्यापासून मी ज्याला त्याला सांगतेय ते जुने गोवे ते दिवाडी या फेरीबोटीबद्दल.

आईला नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला जायचं होतं. हा देव मूळचा दिवाडी बेटावरचा. पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ पाडल्यावर लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेलं आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. "देव पाण्यावरून गेला ना, मग आपणही तसंच जाऊ," आई म्हणाली. मावसभाऊ दिवाडीच्या धक्क्यावर गाडी घेऊन थांबणार होता.

धक्क्याकडचा रस्ता व्हाइसरॉयच्या कमानीखालून जातो. वास्को द गामाचा पणतू व्हाइसरॉय होता, तेव्हाची, १५९७च्या सुमाराची ही कमान. नवा व्हाइसरॉय जहाजातून उतरला की याच दारातून शहरात शिरायचा. आता तिच्याखालून बाजाराच्या पिशव्या घेतलेली माणसं फेरीबोट गाठायला धावतात.

पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. लोखंडी फळी सिमेंटवर घासत खाली आली आणि भराभर स्कूटर आत शिरल्या. कडेच्या बाकापर्यंत आम्हाला पोचताच येईना, इतक्या त्या खेटून उभ्या. आई ७२ वर्षांची, गुडघे दुखरे. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने माझं मनगट धरून उभी राहिली. बोट हलली तशी तिची बोटं माझ्या मनगटात रुतली.

एका मुलाने ते पाहिलं. त्याने स्कूटर डबल स्टँडवर घेतली, सीट रुमालाने पुसली आणि म्हणाला, "आजी, हांगा बस." दिवाडी येईपर्यंत तो दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून उभा होता. आईच्या चपला अधांतरी, नजर पाण्यावर. दहा मिनिटंही लागली नसतील, पण मला भरून आलं.

आणि रागही आला. म्हाताऱ्या माणसाला जागा मिळणं एखाद्याच्या चांगुलपणावर का सोडायचं? बाकापुढे पिवळा पट्टा आखावा आणि तिथे गाडी लावू देऊ नये. वाट बघताना डोक्यावर सावली हवी. बायकांना निर्धास्तपणे जाता येईल असं स्वच्छतागृह हवं. पर्यटक यावेत असं वाटत असेल, तर या कमानीची आणि नदी ओलांडलेल्या देवाची गोष्ट धक्क्यावरच मराठी-कोंकणीत, ठळक अक्षरांत वाचायला मिळावी. बाकी काही बदलू नका. काचा, एसी, गाणी तर नकोतच. रात्री मांडवीवर डीजे लावून फिरणाऱ्या बोटींत मी एकदा बसलेय. पाण्याचा आवाजसुद्धा कानावर आला नव्हता.

दिवाडीहून नार्व्याला जाताना पुन्हा फेरीबोट, पण तेव्हा गाडीत बसलो होतो. दर्शन निवांत झालं. देवळात आईने डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत.

परत येताना जुन्या गोव्याच्या बोटीत आई सगळ्यांच्या आधी चढली. थेट बाक गाठला, शेजारी पिशवी ठेवली आणि मागून येणाऱ्या, टोपली घेतलेल्या बाईला हाक मारली, "या इकडे, तुमच्यासाठी धरून ठेवलीय."

"देव बरें करूं," ती बाई म्हणाली आणि टोपली पायाशी ठेवून बसली.