५१५० ची नोंद: २०१ चं भूत पकडलं, आता ७०४ केबीचा नाद

माझ्या ५१५० मधलं, म्हणजे आयबीएमच्या पहिल्या पीसीमधलं, २०१ चं भूत अखेर सापडलं. २०१ म्हणजे मशीन सुरू होताना दिसणारा मेमरीतल्या चुकीचा कोड. रॅममध्ये ते नव्हतंच.

मागच्या नोंदीत १२ व्होल्टच्या लाइनवरचा शॉर्ट झालेला टँटॅलम कपॅसिटर काढला होता, सप्लाय जागा झाला होता आणि ती एकुलती एक गोड बीप ऐकू आली होती. त्यानंतर ३८४ केबीचं मेमरी कार्ड बसवलं. बोर्डवरचे २५६ धरून ६४०, म्हणजे काम फत्ते. पण तेव्हापासून मशीन कधी सुरळीत बूट व्हायचं, कधी २०१ दाखवायचं. थंड असलं की हमखास रुसायचं, तासभर चाललं की शहाण्यासारखं वागायचं.

संशय अर्थात कार्डवर. ४१६४ च्या मेमरी चिपा बँकांमधून (चिपांच्या गटांमधून) अदलाबदल करून पाहिल्या, कोड तसूभर हलेना. (‘टेस्टेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जुन्या डीरॅमवर माझा काडीचा विश्वास नाही, त्यामुळे दोष त्यांच्यावर ढकलायला मी टपलेलोच होतो.) खटकत होता तो पत्ता. चूक दर वेळी ए०००० ला (हे पत्ते हेक्समध्ये, १६ च्या पायात). म्हणजे ६४० केबी जिथे संपतात त्याच्या लगेच पुढे. तिथे रॅमच नाही, मग बायोस (सुरू होताना तपासणी करणारा रॉममधला प्रोग्राम) तिथे तपासतंय काय?

कार्ड काढलं, एसडब्ल्यू२ (मेमरी किती ते बायोसला सांगणारा बोर्डवरचा छोट्या स्विचांचा संच) २५६ केबीला लावला. २०१ परत हजर, पण आता ४०००० ला! इथे ट्यूब पेटली. चूक रॅमच्या मागे मागे फिरत नव्हती, रॅमच्या शेवटाला चिकटून होती. बायोसला रॅम आहे त्यापेक्षा जास्त दिसत होती.

आता जरा हिशोब. एसडब्ल्यू२ चे पहिले पाच स्विच म्हणजे एक आकडा: ६४ केबीच्या वर ३२ केबीचे किती तुकडे आहेत. ऑन म्हणजे ०, ऑफ म्हणजे १, पहिला स्विच सर्वांत हलका. ६४० साठी १८ तुकडे, म्हणून ऑन-ऑफ-ऑन-ऑन-ऑफ. १९८१ ची दोन्ही बायोस चारच स्विच वाचायची, म्हणून १५ तुकड्यांवर, ५४४ केबीला, गाडी अडायची. माझ्या यू३३ मध्ये (बायोसच्या चिपेच्या सॉकेटमध्ये) २७ ऑक्टोबर १९८२ चं बायोस आहे, ते पाचवाही वाचतं. आता पहिल्या स्विचचा संपर्क सुटला तर तो ऑफ वाचला जाणार, १८ चे १९ होणार, ६४० चे ६७२. आणि २५६ चे २८८. दोन्ही पत्ते चपखल बसले.

खात्री करायला रॉममधलं कॅसेट बेसिक कामी आलं, फ्लॉपीसुद्धा लागली नाही. पोर्ट ६१ (पोर्ट म्हणजे प्रोसेसर हार्डवेअरशी बोलतो तो पत्ता, हाही हेक्समध्ये) चा बिट २ वर करायचा, पोर्ट ६२ वाचायचा, खालचे चार बिट छापत राहायचं. (६१ वर आंधळेपणाने आकडा लिहू नका, आधीचा वाचून त्यात ४ ऑर करा, बिट ३ हलला की कॅसेटच्या मोटरचा रिले टकटक करतो.) पडद्यावर २, २, २, २ ची रांग (१८ चे खालचे चार बिट म्हणजे २). लाकडी काडीने पहिल्या स्विचवर हलकेच दाबलं: २, ३, ३, २, ३. इतकं समाधान मला पहिल्या बीपनेही दिलं नव्हतं.

कॉन्टॅक्ट क्लीनर मारून स्विच भरपूर वेळा खालीवर केला. दोन दिवस बरा चालला, मग पुन्हा ३ डोकावला. त्या फवाऱ्याचं कौतुक लोक का करतात कळत नाही. स्लॉटला ठीक आहे, पण बंद डबीतल्या स्विचच्या पत्रीपर्यंत तो पोचतच नाही. शेवटी डीसोल्डरिंग गन काढली. हातपंपाने या बोर्डवर १६ पाय काढायला जाऊ नका, पॅड उचकटतील. जुना डिप स्विच गेला, त्या जागी १६ पिनांचं टर्न्ड-पिन सॉकेट आणि त्यात नवा स्विच. थंडगार मशीन सुरू केलं, २ ची अखंड रांग.

खरं तर पुढचा नंबर ८०८७ चा, म्हणजे गणिताच्या जोडचिपेचा होता. पण हे लिहिता लिहिता डोक्यात किडा वळवळला: बायोस ६७२ मागत होतंच, तर देऊनच टाकू ना! माझ्याकडे एमडीए (एकरंगी मजकुराचं डिस्प्ले कार्ड) आहे, त्याची मेमरी बी०००० ला. म्हणजे ए०००० पासूनचे ६४ केबी रिकामे पडलेत. दोन ६२२५६ (३२ केबीच्या रॅम चिपा), एक ७४एलएस१३८ (पत्ता ओळखायला), एक ७४एलएस२४५ (डेटा बफर), बस. आधी एकच चिप लावून ६७२ करणार, मग दुसरी लावून ७०४. त्यासाठी एसडब्ल्यू२ ऑन-ऑन-ऑफ-ऑन-ऑफ. डिकोडिंगला (पत्ता ओळखण्याला) एईएन, म्हणजे डीएमए चालू असल्याचा सिग्नल, लावायचा नाही हे ठरलंय, नाहीतर फ्लॉपीचा डीएमए (प्रोसेसरला वगळून मेमरीशी थेट देवाणघेवाण) त्या भागात लिहूच शकणार नाही. ईजीए किंवा व्हीजीएवाल्यांनी मात्र या फंदात पडू नये, त्यांचं कार्ड तीच जागा मागतं.

८०८७ थांबेल. तोवर एसडब्ल्यू१ चा दुसरा स्विच ऑनच, म्हणजे ८०८७ नाही.